जबडा जोडला, पण सांधा पाहिला का?

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)





या व्याख्यानमालेत धम्मावर बोलणारे अधिकारी वक्ते पुष्कळ येऊन गेले. आमचा विषय त्या मानाने विचित्र वाटेल. खालच्या जबड्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया करून ते जोडले, तर त्यानंतर कानासमोरच्या सांध्याचा फोटो काढावा की नाही, काढावा तर कोणता, आणि त्या फोटोत पाहायचे काय, हा तो विषय. सचिवांनी पत्रिकेत नुसते "आरोग्यविषयक" एवढेच छापले याबद्दल आमची तक्रार नाही. पूर्ण विषय छापला असता तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या.

आम्ही डॉक्टर नाही. कलाशाखेची पदवी घेतली आणि बँकेत कारकुनी करतो. परंतु घरावर प्रसंग आला आणि जवळजवळ दोन वर्षे या विषयाने आमचा पिच्छा सोडला नाही. जे समजले ते डॉक्टरांना विचारून, न समजल्यास पुन्हा विचारून. धम्माला 'एहिपस्सिको' म्हटले आहे, म्हणजे ये आणि स्वतः पाहा. आमचे बोलणेही तसेच पडताळून घ्यावे.

२०१८ सालच्या जुलै महिन्यात आमचा पुतण्या मोटारसायकलवरून घसरून पडला. वय तेव्हा एकोणीस. पाऊस होता, रस्त्यात खड्डा होता, आणि हेल्मेट हँडलला अडकवलेले होते. रविवारी विहारात त्रिसरण-पंचशील म्हणताना ज्याचा आवाज सर्वांच्या पुढे असतो तो हाच मुलगा, त्यामुळे आपणांपैकी बरेचजण त्याला ओळखतात. तो पडला तो थेट हनुवटीवर. हनुवटी फाटली होती, खालचे दोन दात हलत होते, रक्त पुष्कळ होते. एका खाजगी रुग्णालयात नेले. त्याचे नाव आम्ही येथे घेत नाही. एक्स-रे झाला, हनुवटीच्या बाजूला हाड मोडल्याचे दिसले, तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया होऊन टिटॅनियमच्या दोन लहान प्लेटा बसवल्या. वरखालच्या दातांना तारेच्या पट्ट्या बांधून त्यांवर रबरे लावली. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरून दाखवला. प्लेटा अगदी सरळ, स्क्रू आठच्या आठ जागेवर. आम्ही समाधानाने मान हलवली.

रबरे असल्यामुळे मुलाला बोलता येत नव्हते. त्याने आमच्या खिशातली पैसे भरण्याची स्लिप मागून घेतली आणि तिच्या मागे लिहिले, "मोठेबाबा, डाव्या कानासमोर जास्त दुखते." आम्ही वाचले. हनुवटीच्या टाक्यांकडे बोट दाखवून म्हटले, "अरे, मार इथे लागलाय, तिथवर कळ जातेच." स्लिप घडी करून पुन्हा खिशात ठेवली.

विनयपिटकाच्या महावग्गात आजारी भिक्खूचा प्रसंग आहे. घाणीत पडलेल्या त्या भिक्खूला स्वतः भगवंतांनी आनंदाच्या मदतीने स्वच्छ केले. हा प्रसंग आपल्याकडे वारंवार सांगितला जातो. त्याच ठिकाणी पुढे, कोणत्या रुग्णाची शुश्रूषा करणे सोपे जाते याचीही लक्षणे दिली आहेत, ती मात्र कोणी फारशी सांगत नाही. आपले दुखणे आहे तसे, वाढले की कमी झाले ते, शुश्रूषा करणाऱ्याला खरे सांगणे हे त्यांतले एक. आमच्या मुलाने ते केले होते, लेखी केले होते. ऐकणारे आम्ही कमी पडलो.

आता सर्वांनी एक करून पाहावे. दोन्ही तर्जनी कानांच्या अगदी पुढे टेकवा आणि तोंड हळूहळू उघडा. बोटाखाली काहीतरी फिरते आणि मग पुढे सरकते, जाणवले? तो जबड्याचा सांधा. खालचा जबडा म्हणजे घोड्याच्या नालासारखे एकच हाड, आणि त्याची दोन्ही टोके वर जाऊन कानशिलाच्या हाडातील खोलगट जागेत बसतात. टोकाच्या गोलसर माथ्याला डॉक्टर कंडाइल म्हणतात. माथा आणि खोबण यांच्यामध्ये चिवट कूर्चेची एक लहान चकती असते. तोंड उघडू लागताच माथा प्रथम बिजागरीसारखा चकतीखाली फिरतो, नंतर चकतीला घेऊन पुढे घसरतो. गुडघा किंवा कोपर असे करीत नाही. शिवाय डावा सांधा बिघडला तर उजवा एकटा काम करू शकत नाही, कारण हाड एकच आहे.

मोठ्या माणसाचे तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडते, म्हणजे स्वतःची तीन बोटे उभी मावतात. ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडत असेल तर अडचण आहे असे धरतात.

नालेच्या आकाराच्या या हाडाला एका जागी जोराचा धक्का बसला की ते पुष्कळदा दुसऱ्याही जागी मोडते. हनुवटीवरचा मार हाडातून वर चढतो आणि कानासमोर निघतो. कवायतीत तासन्‌तास ताठ उभा असलेला शिपाई घेरी येऊन हात न टेकता तोंडावर पडतो, तेव्हा हनुवटी आणि दोन्हीकडचे माथे अशा तीन जागा मोडतात. इंग्रज डॉक्टरांनी याला गार्ड्समनचा अस्थिभंग असे नावच देऊन ठेवले आहे. माथ्याखालची मान बारीक असते. तीच मोडते म्हणून धक्का बहुधा कवटीच्या आत पोहोचत नाही, हे एका अर्थी बरेच. पण मोडलेला तुकडा जागेवर राहत नाही. त्याला चिकटलेला स्नायू त्याला पुढे आणि आतल्या बाजूस ओढून नेतो.

तेव्हा हनुवटी फाटलेला माणूस आला की कानासमोर बोट ठेवून पाहिलेच पाहिजे. ही गोष्ट आम्हांला तीन महिन्यांनी कळली.

त्या तीन महिन्यांत काय झाले ते थोडक्यात सांगतो. रबरे दोन आठवड्यांनी निघाली. महिन्याने तोंड २१ मिलिमीटर उघडत होते. "प्लेट जागेवर आहे, व्यायाम करा," असे सांगण्यात आले. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये सरकवायच्या, रोज एखादी वाढवायची, असा तो व्यायाम. मुलाला दुखत असे, तो टाळत असे, आणि टाके निघाले म्हणजे दुखणे संपले असे समजून आम्हीही पुन्हा तपासणीला नेले नाही. डिस्चार्ज कार्डावर तारीख लिहिलेली होती. भाकरी तो दुधात कुस्करून खाई. ऑक्टोबरमध्ये, अशोक विजयादशमीच्या कार्यक्रमात, त्याने वंदना म्हणायला नकार दिला. तेव्हा आम्ही त्याच्या तोंडाकडे नीट पाहिले. एक बोट कसेबसे जात होते आणि उघडताना हनुवटी डावीकडे वळत होती.

तिथून आम्ही एका शासकीय दंत महाविद्यालयात गेलो. मुखशल्यचिकित्सा विभागातील डॉक्टरांनी फिल्म हातात घेण्यापूर्वी दोन्ही कानांसमोर बोटे ठेवली, तोंड उघडायला सांगितले आणि पट्टीने मोजले. १८ मिलिमीटर. मग त्यांनी विचारले, "सांध्याचा फोटो कुठे आहे?" आम्ही तोच एक्स-रे पुढे केला. त्या म्हणाल्या, "हा तर प्लेटचा फोटो आहे."

वास्तविक त्या फिल्ममध्ये सांधाही होता. तिला ओपीजी म्हणतात. यंत्र डोक्याभोवती फिरते आणि सगळा जबडा, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, पसरून एका फिल्मवर येतो. फिनलंडचे यर्यो पातेरो यांनी हे तंत्र विकसित केले. स्वस्त, जलद, किरणांची मात्रा थोडी, त्यामुळे जबड्याची तपासणी बहुधा येथूनच सुरू होते आणि ते योग्यही आहे. पण त्यात ठरावीक थरातलेच स्पष्ट येते, पुढेमागे असलेले पुसट होते. दुसरे असे की चित्र सपाट आहे. तुकडा आतल्या बाजूला सरकला की बाहेरच्या, हे त्यात नीट कळत नाही. म्हणून डॉक्टर काटकोनातली दुसरी फिल्म मागतात. कपाळ फिल्मकडे करून आणि तोंड उघडून काढलेला, रिव्हर्स टाउन नावाचा एक्स-रे त्यासाठीच असतो. बँकेत एका खतावणीचा ताळा बसला म्हणून दुसरी न उघडता दिवस बंद करणाऱ्याला आम्ही काय म्हणतो ते सभेत सांगण्यासारखे नाही.

सांध्याचा सीटी स्कॅन झाला. सीटीची गोष्ट विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावी. ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या ईएमआय कंपनीतले अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी तो यशस्वी करून दाखवला. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र निघाले आणि १९७९ साली त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. हाउन्सफील्ड यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती, पदविका होती. किरण चहूबाजूंनी सोडून संगणक शरीराचे पातळ काप दाखवतो. सांध्याचे काप एक मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ मिळतात, समोरून, बाजूने, हवे तसे. हाडाबद्दल त्याच्याइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही. हल्ली बऱ्याच दंत महाविद्यालयांत कोन बीम सीटीचे यंत्र असते. त्यात किरणांची मात्रा साधारणतः नेहमीच्या सीटीहून कमी लागते. हाड चांगले दिसते, मात्र मऊ भाग दिसत नाही.

आमच्या मुलाच्या सीटीत डाव्या माथ्याला उभी भेग होती. माथ्याचा आतला तुकडा सुटून खाली आणि आत सरकला होता, आणि बाहेरचा उरलेला भाग खोबणीच्या हाडाला जवळजवळ टेकला होता. हाडाची कड खडबडीत झाली होती. डॉक्टर म्हणाल्या, "अजून जखडलेला नाही. पण त्या वाटेवर असू शकतो." हनुवटी सुरेख जोडली गेली होती, त्यात काडीचा दोष नव्हता. अशी माथ्याची भेग ओपीजीत निसटणे ही काही जगावेगळी गोष्ट नाही, असेही त्यांनीच सांगितले. म्हणून पहिल्या डॉक्टरांवर आम्ही सगळा भार टाकत नाही. फक्त, मूल कानासमोर दुखते म्हणून सांगत असताना कोणीतरी दुसरी फिल्म मागायला हवी होती. आम्ही तरी मागायला हवी होती.

सांधा जखडणे म्हणजे काय, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. माथा आणि खोबण यांच्यात हाडच तयार होते आणि तोंड कायमचे मिटते. लहान मुलांत याचा धोका मोठा. मूल पाळण्यातून, जिन्यावरून हनुवटीवर पडते, हनुवटीला दोन टाके पडतात, आणि घरचे विसरून जातात. त्या वयात माथ्यापाशी जबड्याची वाढ चालू असते. सांधा जखडला तर तोंड उघडत नाही आणि एका बाजूची वाढही खुंटून चेहरा वाकडा होतो. म्हणून मुलाच्या सांध्याला मार लागला असेल तर एका फोटोवर भागत नाही, वाढ पूर्ण होईपर्यंत अधूनमधून मोजमाप आणि तपासणी लागते. त्यांच्यात शस्त्रक्रियेपेक्षा लवकर हालचाल सुरू करण्यावर सहसा भर असतो. आपल्या वस्तीत हनुवटीवर टाक्याची खूण असलेली मुले किती आहेत, हे आयांनी घरी गेल्यावर पाहावे आणि त्यांना तीन बोटे घालायला सांगावे.

सीटीत चकती दिसत नाही. तिच्यासाठी एमआरआय. यात क्ष-किरण नसतात. मोठे चुंबक आणि रेडिओलहरी यांच्या साहाय्याने शरीरातील पाण्याच्या हायड्रोजनकडून संकेत मिळवून चित्र तयार होते. यासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल मिळाले. सांध्याचे चित्र दोन वेळा घेतात, एकदा दात मिटून आणि एकदा दातांत ठोकळा ठेवून तोंड उघडून. चकती काळसर दिसते, बाजूने पाहिल्यास मध्ये निमुळती आणि दोन्ही टोकांना जाड. तोंड मिटलेले असताना तिची मागची जाड कड माथ्याच्या शिखरावर, घड्याळात बारा वाजतात त्या जागी, असावी लागते. सांध्यात पाणी झाले असेल तर ते विशिष्ट चित्रांत पांढरे चमकते.

एमआरआय म्हटल्यावर आमची आई घाबरली. तोंडात प्लेटा आहेत, चुंबक त्या ओढून घेईल, असे तिला कोणीतरी सांगितले होते. टिटॅनियम लोखंडासारखे ओढले जात नाही. प्लेटेच्या आसपासचा थोडा भाग चित्रात बिघडतो एवढेच, आणि आमच्या मुलाची प्लेट हनुवटीपाशी, सांध्यापासून लांब होती. माथ्याच्या मानेवरच प्लेट बसवली असेल तर मात्र तिथले चित्र खराब येऊ शकते. दातांवरच्या पोलादी तारा-पट्ट्यांनी त्याहून जास्त बिघाड होतो, म्हणून शक्य असेल तर त्या निघाल्यावर तपासणी करतात. शरीरात पेसमेकर किंवा इतर कुठलाही धातू असल्यास आधी सांगावे, लपवू नये.

एमआरआयमध्ये चकती सुटलेल्या तुकड्याबरोबर आत खेचली गेलेली दिसली. म्हणजे उरलेला माथा आणि खोबण यांच्यामध्ये काहीच नव्हते, हाडाला हाड. कानासमोर छेद घेऊन शस्त्रक्रिया झाली. चिकटलेला भाग मोकळा केला, चकती ओढून जागेवर शिवली, आणि दुसऱ्याच दिवसापासून पुन्हा त्या आइस्क्रीमच्या काड्या. या खेपेला काड्या आम्ही मोजत होतो. रोज रात्री पट्टी लावून आकडा वहीत लिहीत होतो, तारखेसह. सहा महिन्यांनी आकडा ३६ वर आला.

वर्षभराने पुन्हा एमआरआय झाला. चकती बारा वाजण्याच्या जागी नव्हती, किंचित पुढे सरकलेली होती. आम्ही अस्वस्थ झालो, आता पुन्हा शस्त्रक्रिया का, असे विचारले. डॉक्टरांनी उलट विचारले, "मुलाला दुखतं का? भाकरी चावतो का? तुम्ही चकती बरी करायला आलात की मुलगा?" मग त्यांनी समजावले की ज्यांना सांध्याची काहीही तक्रार नाही अशा लोकांचा एमआरआय काढला तरी सुमारे एकतृतीयांश लोकांत चकती सरकलेली आढळते. जोडलेला माथाही फोटोत पुष्कळदा ओबडधोबड दिसतो, आणि तरी माणूस उत्तम जेवतो. हाड वापराप्रमाणे स्वतःला घडवीत जाते. म्हणून फोटो पाहिजे, पण तो एखाद्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी. शस्त्रक्रियेनंतर लगेच काढलेला फोटो तुकडे आणि प्लेटा जागेवर आहेत का ते सांगतो. नंतरचा फोटो तक्रार असेल, तोंड कमी उघडत असेल, दात पूर्वीसारखे मिळत नसतील, तर. हाडाचा प्रश्न असेल तर सीटी, चकतीचा असेल तर एमआरआय. ज्याला काही होत नाही त्याने केवळ शेजाऱ्याने काढला म्हणून एमआरआय काढू नये. खाजगीत त्याला काही हजार रुपये पडतात. आणि सीटीत किरणे असतात, तो विनाकारण पुन्हा पुन्हा करू नये, विशेषतः मुलांचा. बाई गरोदर असेल तर तसे अगोदर सांगावे.

खर्चाबद्दल एवढेच. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, तिथे हे काम जाणणारे लोक आहेत. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे दाखल होण्यापूर्वीच रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. नंतर विचारून उपयोग होत नाही, कागद मागे जात नाहीत.

आणि फिल्म सांभाळाव्यात. पहिल्या ओपीजीची आम्ही गुंडाळी करून ती छत्रीबरोबर दारामागे ठेवली होती. एका कडेला तडा गेला, नेमका डाव्या सांध्यावर. नवीन डॉक्टरांना जुन्या चित्राशी तुलना करायची असते. फिल्म सपाट ठेवावी, सीडी दिली असेल तर त्यावर नाव आणि तारीख लिहून ठेवावी.

पुतण्या आज येथे आला आहे. मागच्या ओळीत बसला आहे, नाव घेऊ नका म्हणाला म्हणून घेत नाही. गेल्या रविवारी आम्ही मोजले, ३७ मिलिमीटर. तोंड उघडताना हनुवटी अजून केसभर डावीकडे जाते. सुरुवातीची वंदना त्यानेच म्हटली, ती आपण ऐकली.

त्याच्या चारही तपासण्यांच्या फिल्म आणि ती पैसे भरण्याची स्लिप आम्ही सोबत आणली आहे. विद्यार्थ्यांना पाहायच्या असतील तर त्यांनी चहापानाच्या वेळी पूर्वेकडच्या खिडकीपाशी यावे, तिथे उजेड चांगला आहे. ओपीजी आधी पाहा आणि डावा माथा मोडलेला दिसतो का ते सांगा, मग सीटी दाखवू.